घराचा पुढचा खण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ व्याख्यानमालेचं हे पुष्प दरवर्षी गुंफलं जातं, त्यांच्या ओसरीवर बसून मी पाढे म्हटले आहेत. चार खांबांची ओसरी. म्हणजे तीन खणांची. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात हे मला तिथेच कळलं, कारण पहिल्या खणात तिसरीची मुलं, मधल्यात चौथीची आणि शेवटच्यात गुरुजींची आरामखुर्ची, अशी वाटणी होती. पुढे मी वास्तुरचना शिकले, मोठमोठे नकाशे काढले, पण जागा मोजायचं माझं पहिलं माप ते आहे.

ती ओसरी आज नाही. म्हणजे आहे, पण तिची खोली झाली आहे. गुरुजींचा मुलगा नोकरीवरून परत आला, संसार वाढला, खोली हवी होती. समोरची मोकळी बाजू विटांनी भरली, एक खिडकी ठेवली, ग्रिल लावली. ही तक्रार नाही. खोलीची गरज खरी होती. तुमच्यापैकी किती घरांत असंच झालंय? ओसरी गेली, गॅलरी गेली, मागची पडवी गेली, परसातला मोकळा तुकडा गेला. प्रत्येक वेळी गरज खरीच होती. आणि प्रत्येक वेळी घर मोठं झालं, पण आतून अंधारलं.

खोली हवी असते आणि ओसरी जाते. दोन्ही मिळू शकतात का? हा आजचा माझा प्रश्न आहे. त्यासाठी तीन गोष्टी सांगेन. एक उजेडाची, दुसरी वजनाची आणि तिसरी अर्ध्या घराची.

उजेडापासून सुरुवात करते, कारण तीच गोष्ट मोठी आहे.

आपलं जुनं घर कधीच पुरं झालेलं नसायचं. ‘किती खणांचं घर?’ असं विचारायचे, खोल्या किती ते कुणी विचारत नसे. गावागावाप्रमाणे थोडंफार कमीजास्त, पण खण साधारण पाच-सहा फुटांचा. मिळणारी तुळई, उचलणारी माणसं आणि लाकडाची ताकद यांतून ते माप ठरलेलं. धाकट्याचं लग्न ठरलं की दोन खण वाढवायचे. गुरं आली की बाजूला पडवी काढायची. घराचं माप खणात असल्यामुळे नवा तुकडा जुन्याला अनोळखी वाटत नसे. भाषेत जसं एक वाक्य संपून दुसरं सुरू व्हावं, तसं ते घर पुढे जायचं.

पण त्या वाढीला एक मर्यादा होती आणि ती छपराने घातली होती. कौलारू छप्पर उतरतं असतं. उतार तीस अंशांचा धरला तर प्रत्येक फुटाला छप्पर सुमारे सात इंच खाली येतं. भिंतीवर ते दहा फुटांवर टेकत असेल, तर सहा फुटी पडवी काढल्यावर तिची कड साडेसहा फुटांवर येते. वाकून आत जायचं, ठीक आहे. आणखी सहा फूट पुढे जायचं म्हटलं तर कड तीन फुटांवर. तिथून कोंबडी जाईल, माणूस जाणार नाही. म्हणून एक पडवी व्हायची, दुसरी होत नसे. त्यापुढे घर वाढवायचं असेल तर नवं आढं उभारावं लागे, आणि दोन आढ्यांमध्ये पावसाचं पाणी पडायला जागा सोडावी लागे. ती सोडलेली जागा म्हणजे चौक. वाड्यातल्या चौकाचं आपण किती कौतुक करतो, तुळशीवृंदावन, पागोळ्या, चांदणं. सगळं खरं. पण माझ्या मते त्या चौकाचं एक मूळ या साध्या अडचणीत आहे: पाणी कुठेतरी पडायला हवं.

मग स्लॅब आला. स्लॅबचे उपकार मोठे आहेत, मी ते नाकारत नाही. गवती आणि कौलारू छपराखाली पावसाळा काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. पण स्लॅबने ती मर्यादा काढून टाकली. स्लॅब उतरत नाही. तो कुंपणाच्या भिंतीपर्यंत जाऊ शकतो, आणि गेला. नियमाप्रमाणे बाजूला सोडायची जागासुद्धा आपण पत्र्याखाली घेतली.

आता उजेडाचं साधं गणित ऐका. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो. कड सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. त्यापुढे दिवा. घराच्या पुढे बारा फुटांची खोली काढली, की आधीची पुढची खोली मधली होते. तिची खिडकी आता आकाशाकडे उघडत नाही, दुसऱ्या खोलीत उघडते. आपण एक खोली मिळवली आणि एक खोली घालवली. कागदावर चौरस फूट वाढले. राहायला किती वाढलं?

गुरुजींच्या घरी नेमकं हेच झालं. ओसरी बंद झाली आणि माजघरात सकाळी दहालाही दिवा लागू लागला. गुरुजींच्या सूनबाई, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, त्या दिवसाचा निम्मा वेळ त्या माजघरात असतात. वाढवलेली खोली ज्याला मिळाली तो वेगळा, आणि अंधार वाट्याला आला ती वेगळी. घर वाढवताना हा हिशेब कुणी मांडत नाही. मी मुद्दाम मांडते.

मग आजचे रचनाकार काय करतात? फ्रान्समधल्या बोर्दो शहरातलं एक काम सांगते. तिथल्या ग्राँ पार्क नावाच्या वस्तीत साठच्या दशकात बांधलेल्या तीन लांबलचक सरकारी इमारती आहेत. ५३० घरं. खिडक्या लहान, खोल्या कोंदट. अशा इमारती पाडून टाकायच्या, असा तिथेही कल होता. अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या जोडीने, फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तॉफ ह्युतां या सहकाऱ्यांबरोबर, वेगळं केलं. त्यांनी पाडलं काहीच नाही. इमारतीच्या बाहेर, अंगाला लावून, नवा सांगाडा उभा केला आणि प्रत्येक घरापुढे ३.८ मीटर खोल, म्हणजे साडेबारा फुटी, काचेची आणि पारदर्शक पत्र्याची गॅलरी दिली. जुन्या लहान खिडक्या काढून तिथे जमिनीपर्यंत सरकती काचेची दारं बसवली. २०१७ साली काम संपलं. लोक तिथेच राहत होते, एकेका घरातलं काम बारा ते सोळा दिवसांत उरकत होतं, आणि त्यानंतर भाडं वाढलं नाही. २०२१ साली या जोडीला वास्तुरचनेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला.

त्यांनी काय केलं म्हणायचं? मला विचाराल तर त्यांनी ५३० घरांना ओसरी लावली. तीही अशी, की मागच्या खोलीचा उजेड कमी व्हायच्या ऐवजी वाढला. हिवाळ्यात ती ऊन साठवते, उन्हाळ्यात उघडून टाकता येते. तिचा नेमका उपयोग काय, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. कुणी झाडं लावली, कुणी जेवणाचं टेबल ठेवलं. ओसरीचाही उपयोग कुणी ठरवून दिला नव्हता. तिथे पाढे व्हायचे, धान्य वाळायचं, पाहुणा झोपायचा.

तशीच्या तशी काचेची गॅलरी इथे बांधू नका. आपल्या एप्रिल-मे महिन्यात तिची भट्टी होईल. घ्यायचा तो विचार घ्या: खोली हवी असेल तर आधी बघा, की घराच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर अशी जागा वाढवून काम भागतं का. बांबूची जाळी, विटांची जाळी, कालवांच्या शिंपल्यांची तावदानं... गोव्यातल्या जुन्या घरांत ती अजून दिसतात, त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो. आणि बंद खोलीच हवी असेल, तर ती जुन्या घराला चिकटवू नका. पाच-सहा फुटांचं अंतर सोडा. मध्ये आकाशाला उघडी जागा ठेवा, एका बाजूने अरुंद झाकलेली वाट काढा. जुन्या खोलीची खिडकी जिवंत राहते, नव्या खोलीला दोन्हीकडून वारा मिळतो. तेवढी जागा वाया गेली असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. एक उन्हाळा गेला की तिथेच खुर्च्या येतात.

याच जोडीची आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९९६ साली बोर्दोमधल्याच एका लहानशा चौकाचं सुशोभीकरण त्यांच्याकडे आलं. चौकात झाडं, बाकं, खेळणारी माणसं. ते जाऊन बसले, बघितलं, तिथल्या लोकांशी बोलले आणि सांगितलं की हा चौक आहे तसाच सुंदर आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई नेमाने करा, बस. घर वाढवायला घेण्याआधी आपणही असं चार दिवस घरात नुसतं बसून बघतो का? ऊन कुठून येतं, कोण कुठे बसतं, कुठली खोली वर्षभर बंदच असते? माझा अनुभव असा, की खोली हवी म्हणून आलेल्या अनेकांच्या घरात ती खोली आधीच असते. तिच्यात जुने पलंग आणि लग्नात आलेली भांडी राहत असतात.

आता दुसरी गोष्ट. वजनाची.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी आत्याच्या घराची दुरुस्ती केली. मातीच्या भिंती, पोपडे निघालेले. मी मोठ्या उत्साहाने आत-बाहेर सिमेंटचा गिलावा करून घेतला. घर कसं नवंकोरं दिसू लागलं! दोन पावसाळ्यांत तो गिलावा ढपल्याढपल्यांनी सुटून पडला आणि बरोबर मातीही घेऊन गेला. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि ती पृष्ठभागावाटे सोडून देते. मी तिचं तोंड बंद केलं. ओल आत कोंडली, क्षार फुगले, भिंत आतून सैल झाली. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा होता. आत्या मला काही बोलली नाही, पण ती चूक मी पुढे कुठल्याच घरात केली नाही. जुन्या भिंतीला नवं काही लावताना आधी तिचा स्वभाव विचारायचा, हे मी तिथे शिकले.

पण गिलाव्याच्या चुकीने जीव जात नाही. वजनाच्या चुकीने जातो.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट इथल्या कित्येकांना आठवत असेल. किल्लारीच्या भूकंपात काही हजार माणसं गेली. कशाखाली गेली? आपल्याच घरांखाली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारे आरपार दगड नाहीत. मधे माती. आणि वर धाबं. लाकडी कडीपाटावर मातीचा थर, ऊन अडवायला उत्तम. पण धाबं गळतं. गळलं की त्यावर आणखी माती टाकायची. पुढच्या वर्षी आणखी. अशी वर्षानुवर्षांची दुरुस्ती डोक्यावर साठत गेली.

त्याच गावांत काही घरांच्या भिंती कोसळल्या, पण आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. छपराचा भार खणांच्या सांगाड्याने पेलला होता, भिंतीने नव्हे. पुन्हा तोच खण! नंतर मजबुतीकरणाची जी पद्धत सांगितली गेली, तीही फार महाग किंवा गूढ नव्हती. छपरावरची जादा माती उतरवा. भिंतीत ठराविक अंतरावर भोकं पाडून आरपार सळी घाला आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन थर बांधले जातील. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे टेकू द्या. घर तेच, माणसं तीच.

आपण शहरातली माणसं ही गोष्ट दूरची समजतो. तुमच्या गच्चीवर चढून बघा. गच्ची गळते म्हणून ब्रिकबॅट कोबा घातला. दहा वर्षांनी पुन्हा गळली, मग जुना न काढता त्यावरच दुसरा घातला. साडेचार इंचांचा कोबा दहा बाय दहाच्या खोलीवर सुमारे दोन टन भरतो. दोन थर, चार टन. त्यावर हजार लिटरची टाकी, आणखी एक टन. त्यावर गच्चीवरच्या बागेची ओली माती. धाब्यावर माती टाकणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय? म्हणून गळतीची दुरुस्ती म्हणजे आधी जुना थर काढणं. धूळ होते, आवाज होतो, शेजारी चिडतात. तरी काढा.

आणि भिंत पाडणं. आजकाल सगळ्यांना स्वयंपाकघर दिवाणखान्याला उघडं हवं असतं. मलाही आवडतं. स्वयंपाक करणारं माणूस बोलण्यात राहतं, एकटं पडत नाही. पण तुमचं घर आरसीसी सांगाड्याचं आहे, की भिंतींवर उभं आहे, हे माहीत आहे का? साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गावातली पुष्कळ घरं नऊ इंची, चौदा इंची भिंतींवर उभी आहेत. तिथे मधली भिंत म्हणजे पडदा नव्हे, ती वरचा मजला खांद्यावर घेऊन उभी आहे. पाडायचीच असेल तर आधी टेकू, मग लोखंडी तुळई, मग हातोडा, आणि या सगळ्याआधी रचना-अभियंता. आरसीसी घरात खांबाचं काँक्रीट उभं फुटलेलं दिसलं तर त्यावर पुट्टी मारू नका. आतली सळी गंजली आहे, गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. अशा घरावर मजला चढवण्याची गोष्टच काढू नका.

मजल्यावरून तिसऱ्या गोष्टीकडे येते. अर्ध्या घराकडे.

एसटीने कुठल्याही तालुक्याच्या गावात शिरा. घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. काहींना वाटतं, काय हे ओंगळ दृश्य. मला त्या सळ्या फार आवडतात. आज पैसे एवढेच आहेत, पण पोरं मोठी होतील, वर मजला होईल, असं घराने लिहून ठेवलेलं असतं. तेच जुनं खणांचं घर आहे ते, फक्त आता उभं वाढणारं.

थोर रचनाकारांनी अशा, हळूहळू घर वाढवणाऱ्या माणसाचाच विचार केला. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी वसाहत रचली. घरं लहान, पण एकाचीही भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही. का? म्हणजे शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचा एक चौक. बाळकृष्ण दोशी, आपल्या पुण्यात जन्मलेले, त्यांनी इंदूरजवळ अरण्य वसाहतीत सुमारे साडेसहा हजार प्लॉट आखले आणि गरिबांतल्या गरिबाला जोतं, संडास-मोरी आणि उभं राहण्यापुरती सुरुवात दिली. बाकीचं घर लोकांनी आपल्या हाताने, आपल्या चालीने वाढवलं. चिलीमध्ये इकीके शहरात अलेहांद्रो अरावेना यांच्याकडे जमीन धरून कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर होते. एवढ्यात चांगलं पुरं घर होत नाही. त्यांनी चांगलं अर्धं घर बांधलं. कुठलं अर्धं? जे कुटुंबाला एकट्याने नीट जमणार नाही ते: सांगाडा, जिना, न्हाणीघर, नळाची व्यवस्था. शेजारची मोकळी जागा लोकांनी भरली.

बेलापूरला आज गेलात तर कोरियांची मूळची बैठी, कौलारू घरं थोडीच दिसतील. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन मजली नवी घरं आहेत. काही अभ्यासकांना याचं दुःख होतं. मला थोडं होतं, जास्त नाही. घरं वाढावीत म्हणूनच तर ती तशी ठेवली होती. सामायिक चौक बरेचसे टिकले आहेत. खोल्या बदलल्या आणि मोकळी जागा राहिली, हे मला यश वाटतं.

तुम्ही घर बांधत असाल, वाढवत असाल, तर हाच क्रम ठेवा: जे नंतर एकट्याने नीट जमणार नाही ते आधी. जिना अशा जागी घ्या की उद्या वरचा मजला वेगळा करता येईल, मुलीला, भाडेकरूला किंवा परत आलेल्या भावाला. खाली एक संडास-न्हाणी असू द्या, दार तीन फुटांचं आणि उंबरा जमिनीबरोबर. आज आई-वडिलांसाठी, उद्या आपल्यासाठी. आणि त्या गच्चीवरच्या सळ्या वर्षानुवर्षं उघड्या ठेवू नका. सिमेंटची राबडी फासा, भोवती कच्च्या काँक्रीटचं टोपण घाला. पंधरा पावसाळे खाल्लेल्या सळीवर मजला बांधायचा नसतो.

तर गुरुजींचं घर.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने मला बोलावलं. मागच्या बाजूला आणखी एक खोली काढायची होती, नात मोठी झाली आहे. मी दोन दिवस राहिले. काही मोजलं नाही, नुसती बसून होते. मग आम्ही असं ठरवलं, की खोली मागे काढायची, पण सहा फूट सोडून, आणि तिच्यासाठी वेगळं आढं उभारायचं. ते काम दिवाळीनंतर सुरू होईल. पण एक काम मी त्याच आठवड्यात करून घेतलं. माजघरावरच्या उत्तरेकडच्या पाखीतली सोळा मंगळुरी कौलं उतरवली आणि त्या जागी त्याच आकाराची काचेची कौलं बसवली. शिडी, दोन माणसं, एक सकाळ. ओसरीची भिंत अजून तशीच आहे, तिच्याबद्दल घरात अजून एकमत नाही, आणि ते ठरवणारी मी नव्हे.

दुपारी मी निघाले तेव्हा वहिनींनी शिवणयंत्र पुढच्या खोलीतून ओढत माजघरात आणलं होतं. दोरा सुईत ओवायला त्यांनी चष्मा शोधला नाही.